आरोग्य विम्याचा हप्ता खरंच कमी झालाय का? नोटीस अशी तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच) आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. नोकरीच्या कंपनीने काढलेल्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही.

रिन्यूअलची नोटीस आली की एकूण रक्कम बाजूला ठेवा आणि मूळ हप्ता बघा. समजा, मागच्या वर्षी मूळ हप्ता २०,००० आणि कर ३,६००, म्हणजे २३,६०० भरले. यंदा मागणी २३,००० ची आहे. सहाशे वाचले असं वाटतं, पण मूळ हप्ता १५ टक्क्यांनी चढलाय! सरकारने सोडलेला कर असा परस्पर जिरतो. विमा कंपन्यांची बाजूही आहे: कर गेल्यामुळे एजंटचं कमिशन, जाहिरात वगैरे खर्चांवर भरलेल्या जीएसटीची वजावट त्यांना मिळत नाही, शिवाय उपचार महागलेत. तरी कारण लेखी मागाच.

विमाधारक साठ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर आयआरडीएआयचा (विमा नियामकाचा) जानेवारी २०२५ चा आदेश लागू होतो: वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करायची. वरच्या उदाहरणात ही रेषा २२,००० वर येते. तरुणांना असं संरक्षण नाही, आणि खरा वाद इथेच आहे.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर. कंपनी बदलायची तर रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज टाका. रागाच्या भरात पॉलिसी बंद पडू देऊ नका. नवी घेतली की जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्या काळात त्यांच्या उपचाराचा खर्च मिळत नाही) पुन्हा शून्यापासून मोजला जातो.