वर्तुळाकार चौकाची क्षमता कशी काढावी

पुण्यात एखाद्या चौकातले वर्तुळ काढून सिग्नल बसवावा की नाही, हा वाद निघाला की प्रत्येक जण आपापल्या अनुभवावर बोलतो. खरे तर एका सकाळच्या मोजणीतून त्याचे बरेचसे उत्तर मिळू शकते.

मोजणी कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी करावी. गणेशोत्सवाचे दिवस आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात, कारण तेव्हा शहराची वाहतूक नेहमीची नसते. वाहने केवळ मोजून भागत नाही, ती कारच्या तुलनेत, म्हणजे पीसीयूमध्ये (पॅसेंजर कार युनिट) मांडावी लागतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या १९७६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कार आणि रिक्षा १, दुचाकी ०.७५, बस व ट्रक २.८ आणि सायकल ०.५ असे गुणक आहेत. दुचाकींच्या या शहरात पहिला हिशेब इथेच चुकतो.

त्याच तत्त्वांतील सूत्र दोन रस्त्यांच्या तोंडांमधल्या भागाला, म्हणजे आत शिरणारी आणि बाहेर पडणारी वाहने जिथे एकमेकांना छेदतात त्या पट्ट्याला लागू होते:

क्षमता = २८० × रुं × (१ + प्र/रुं) × (१ − छे/३) ÷ (१ + रुं/लां)

यात ‘रुं’ आणि ‘लां’ ही त्या पट्ट्याची मीटरमधील रुंदी व लांबी, ‘प्र’ ही प्रवेशाची सरासरी रुंदी आणि ‘छे’ हे छेदत जाणाऱ्या वाहतुकीचे एकूण वाहतुकीशी प्रमाण. रुंदी १२, प्रवेश ८.५, लांबी ४५ आणि प्रमाण ०.७५ धरल्यास उत्तर ताशी सुमारे ३,४०० पीसीयू येते. आता कडेला रिक्षा लागल्या आहेत आणि वापरात फक्त १० मीटर उरले आहेत असे समजा. तेच उत्तर सुमारे ३,१८० वर येते. म्हणून माझा आग्रह असा की, टेप नकाशावर नव्हे, तर गर्दीच्या वेळी वाहने प्रत्यक्ष जिथून जातात तिथे लावावी. जो पट्टा सर्वांत कमी क्षमतेचा निघेल, त्याची क्षमता हीच संपूर्ण चौकाची मर्यादा मानावी.

दुसरी पद्धत ‘गॅप’ची. वर्तुळातल्या वाहनांमध्ये किती सेकंदांची फट मिळाली की चालक आत शिरतो, हे पाहायचे. अमेरिकेच्या २०१६ च्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलनुसार, एकपदरी वर्तुळात ताशी ६०० कार फिरत असताना एका प्रवेशातून सुमारे ७५० कार शिरू शकतात. हा आकडा इकडे जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे दुचाकीस्वार कारचालक थांबतो तिथल्या फटीतूनही पुढे जातो, आणि आतल्या वाहनाला प्राधान्य देण्याचा नियम नेहमी पाळला जातोच असे नाही. त्याऐवजी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून चित्रीकरण करावे, प्रत्येक चालकाने नाकारलेली सर्वांत मोठी फट आणि स्वीकारलेली फट नोंदवावी, आणि दुचाकी, रिक्षा, कार यांचे तक्ते वेगळे ठेवावेत. सेकंदाला २५ चौकटींचे चित्रीकरण असेल तर एक चौकट ०.०४ सेकंदाची, एवढी अचूकता या कामाला पुरते.