नोकरी सांभाळून घरबसल्या ह्यूमन बायोलॉजी शिकायची असेल तर

मी गोव्यात डिचोलीला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. रोज चाळीस-पन्नास जणांचं रक्त हातातून जायचं पण ते आत नेमकं काय करतं हे मला धड सांगता येत नव्हतं, आणि ते मला फार लागायचं. म्हणून नोकरी न सोडता दूरशिक्षणातून बीएस्सीला बसले. गावातल्या दोन-तीन मुलींनी विचारलं की ताई कसं केलंस, त्यांच्यासाठी आणि आणखी कोणी या वाटेवर असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी प्रवेशाचं, कारण इथेच माणूस फसतो. मी स्वतः फसलेय. बीएस्सीच्या आधी एका ठिकाणी "घरून पॅरामेडिकल डिप्लोमा, लगेच हॉस्पिटलात नोकरी" असं सांगितलं म्हणून पैसे भरले, दोन वर्षं गेली आणि शेवटी ते सर्टिफिकेट कुठेच चाललं नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, एमबीबीएस यांच्या डिग्र्या दूरशिक्षणातून मिळतच नाहीत, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) त्यावर स्पष्ट बंदी घातलेली आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून तर मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, क्लिनिकल न्यूट्रिशन, सायकॉलॉजी हे विषय पण या पद्धतीत बंद केलेत. त्यामुळे ह्यूमन बायोलॉजी घरून शिकून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) डॉक्टर व्हायला जाता येईल असं कोणी सांगत असेल तर उठून या, तिकडे जायला नीट (NEET) परीक्षाच द्यावी लागते. पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर ती युनिव्हर्सिटी, तो कोर्स आणि ते सत्र, तिन्ही मान्य आहेत का ते स्वतः बघा, एजंटने दाखवलेल्या कागदावर जाऊ नका. आणि आता प्रवेशासाठी याच ब्युरोचा डीईबी आयडी लागतो, तो काढायला आधी एबीसी (अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो, ते एका संध्याकाळी उरकून ठेवा.

आपल्याकडे नुसती "ह्यूमन बायोलॉजी" नावाची डिग्री शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, मी खूप शोधलं होतं. त्यापेक्षा बारावी सायन्स असेल तर इग्नूच्या (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) बीएस्सीत झूलॉजी घ्या आणि सोबत केमिस्ट्री घ्या. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, कम्पॅरेटिव्ह अ‍ॅनाटॉमी, जेनेटिक्स हे सगळं झूलॉजीच्या पेपरांत येतं, आणि केमिस्ट्रीशिवाय फिजिऑलॉजी म्हणजे नुसतं पाठांतर होतं हे माझं पक्कं मत आहे. माणसाची वाढ, वंश, उत्क्रांती याची जास्त आवड असेल तर अँथ्रोपॉलॉजीचं बीएस्सी ऑनर्स पण बघा, तो विषय लोकांच्या लक्षातच येत नाही.

वेळेचा हिशोब खरा करा. एक क्रेडिट म्हणजे ३० तास अभ्यास असं धरतात, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर १२० तासांचा. सेमिस्टरला २० क्रेडिट घेतले तर ६०० तास, सहा महिन्यांत वाटले तर आठवड्याला साधारण २३ तास होतात. नोकरी, घर आणि कदंबाच्या बसमधला वेळ धरून २३ तास काढणं सोपं नाही, मी सकाळी साडेचारला उठायचे आणि रविवार पूर्ण द्यायचे. तीन वर्षांची डिग्री आहे पण सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते, त्यामुळे एखाद्या सत्रात पेपर मागे ठेवावे लागले तर रडू नका.

प्रॅक्टिकल मात्र मागे ठेवू नका. थिअरी घरी होते, लॅबला जावंच लागतं, हजेरी लागते, दोन क्रेडिटचं लॅब म्हणजे ६० तास आणि ते सलग दिवसांत लावतात. फॉर्म भरायच्या आधीच इग्नूच्या गोव्यातल्या रीजनल सेंटरला विचारा की तुमच्या विषयाचं लॅब कुठे मिळणार, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच मालकाशी बोलून रजा बाजूला काढून ठेवा. मी रजा लग्नकार्यात संपवली आणि एक लॅब पुढच्या वर्षावर गेलं.

आता खरा अभ्यास. लोक म्हणतात शिक्षक नाही, वर्ग नाही, कसं शिकायचं? पण या विषयात लांब आहे तो फक्त शिक्षक. ज्याचा अभ्यास करायचाय ते शरीर चोवीस तास आपल्याजवळच असतं, आणि बाकीचं बाजारात मिळतं.

हृदयाचा धडा मला तीनदा वाचून कळला नव्हता. अलिंद (वरचे कप्पे), निलय (खालचे कप्पे), झडपा, कुठून रक्त येतं कुठे जातं, आकृती पाठ होती पण डोक्यात चित्र नव्हतं. मग म्हापशाच्या बाजारातून बकऱ्याचं हृदय आणलं. तिथे काळीज मागितलंत तर कलेजी मिळेल म्हणजे यकृत, "दिल" म्हणून मागायचं, आणि आधीच सांगायचं की चिरू नको, वरच्या नळ्या ठेव. घरी आणून धुवा आणि लगेच कापू नका, आधी बोटांनी दाबून बघा. एक बाजू टणक लागते, दुसरी मऊ. टणक ती डावी. वरची जाड नळी, जी सोडली तरी पाइपासारखी उघडी राहते, ती बहुतेक महारोहिणी (एओर्टा), खात्री करायला आत बोट घाला, ते डाव्या बाजूला उतरलं पाहिजे. तिच्यात नळाचं पाणी बारीक धारेने सोडा. पाणी आत न जाता वर थांबतं, आणि वरून बघितलं तर तीन छोटे खिसे फुगून एकमेकांना चिकटलेले दिसतात. ही सेमिल्युनर झडप. ते पाणी थांबलेलं बघितलं तेव्हा रक्त उलटं का येत नाही हे मला एका क्षणात कळलं. त्या खिशांच्या जरा वर दोन बारीक भोकं असतात, काडेपेटीतली काडी त्यात सरकवली की ती हृदयाच्याच भिंतीतल्या नळीत जाते, त्या करोनरी रोहिण्या, ज्या तुंबल्या की हार्ट अटॅक येतो.

मग डावी बाजू टोकापर्यंत उभी चिरा. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड दिसेल, कारण उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचं असतं आणि डाव्याला सगळ्या अंगात. माणसात डाव्या निलयातला दाब १२० च्या आसपास जातो, उजव्यातला साधारण २५. आत पांढऱ्या चिवट दोऱ्या दिसतील, झडपेच्या पडद्यापासून खालच्या मांसल खांबांपर्यंत ताणलेल्या, निलय आकुंचन पावताना पडदा मागे अलिंदात उलटू नये म्हणून त्या धरून ठेवतात. हे सगळं बघताना वहीत पेन्सिलने काढत जा, चित्र वाईट आलं तरी चालेल, नावं बरोबर घाला. पुढच्या वेळी गुर्दा आणा, तो लांबीत मधोमध कापला की बाहेरच्या आणि आतल्या भागातला फिका-गडद फरक उघड्या डोळ्यांना दिसतो.

घरात मांस चालत नसेल त्यांनी स्वतःवर प्रयोग करा. बसून एक मिनिट नाडी मोजा आणि लिहा, पणजीच्या चर्चच्या पायऱ्या न थांबता चढा, वर पोचल्यावर दर मिनिटाला मोजत राहा, जोवर पहिल्या आकड्यावर येत नाही तोवर. त्याचा ग्राफ काढा आणि प्रत्येक वळणाचं कारण पुस्तकात शोधा. मे महिन्यात घाम अंगावरून निथळतो तरी गार का वाटत नाही, हाही एक धडाच आहे: हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाची वाफ होत नाही, आणि थंडावा वाफ होण्यानेच येतो. किडनीचे आकडे पाठ होत नसतील तर कळशीत मोजा. दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो, म्हणजे १५ लिटरच्या १२ कळश्या, आणि लघवी होते दीड लिटर. बाकीच्या एकशे साडेअठ्ठ्याहत्तर लिटरचं काय होतं या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण उभं आहे.

आपल्यापैकी बरेच जण चौथीपर्यंत मराठीत शिकलेले, मग एकदम इंग्लिश, त्यामुळे शब्दांची भीती बसते. शब्द फोडा. हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे साखर, ईमिया म्हणजे रक्तात, झालं हायपोग्लायसेमिया. नेफ्रो किडनी, हेपॅटो लिव्हर, आयटिस सूज. असे शंभरेक तुकडे आले की पुस्तक वाचता येतं. आणि प्रत्येक धडा घरात कोणाला तरी मराठीत सांगा. माझी आई बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेते, मी तिला समजावलं की ही गोळी रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही म्हणून स्नायू सैल पडतो आणि नळी रुंद होते. तिने विचारलं मग माझे पाय का सुजतात, मला उत्तर आलं नाही, त्या रात्री केशवाहिन्यांचं प्रकरण परत वाचलं, इतकं नीट मी ते आधी कधीच वाचलं नव्हतं. (गोळी बदलायचा सल्ला मात्र द्यायचा नाही, तो डॉक्टरांचा.) सत्तरी तालुक्यात राहणाऱ्यांनी रोगप्रतिकारशक्तीचं प्रकरण माकडतापापासून सुरू करावं, गोचिडीतून येणारा हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आपल्या गावात तो काय करतो हे सगळ्यांनी बघितलेलं आहे.

पुस्तकांवर खर्च करू नका. इग्नूचं सगळं मटेरियल ई-ज्ञानकोशवर फुकट आहे, ओपनस्टॅक्सचं अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी फुकट आहे, त्यातल्या आकृत्या तर फार सुंदर आहेत. ‘स्वयं’ (SWAYAM) या सरकारी पोर्टलवर लेक्चर फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेला लागतात. आणि शांत बसायला जागा नसेल तर पणजीला पाटोवरचं सेंट्रल लायब्ररी आहे, मी कितीतरी रविवार तिथे काढलेत.

असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन असतं. असाइनमेंट गणेश चवथीच्या आधी संपवा, एकदा माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानं) आणायची वेळ आली की महिनाभर हातात पेन येत नाही. परीक्षा जून आणि डिसेंबरला. जूनच्या परीक्षेचं सगळं मे संपायच्या आत डाउनलोड करून ठेवा, पहिल्या पावसात वीज जाते आणि नेट पण जातं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेपर असेल आणि तुम्ही फोंड्याच्या बाजूने पणजीला येणार असाल तर ३ तारखेचं सेंट झेवियरचं फेस्त लक्षात ठेवा, जुन्या गोव्यात गाड्या अडकतात, त्या दिवशी पहाटेची बस धरा.