टोपो सर्व्हेचं कोटेशन वाचताना

"एकराला किती घेता?" टोपो सर्व्हेसाठी, म्हणजे जमिनीचे चढउतार मोजून नकाशा काढण्यासाठी, नाशिकजवळच्या गिरणाऱ्याहून, त्र्यंबक रोडवरून फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो. पण नुसत्या एकरावर दर सांगणाऱ्याला आधी विचारा, जागा पाहिलीत का?

मोकळ्या, सपाट शेतात टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं मशीन) एकदा लावलं की भराभर पॉइंट घेता येतात. द्राक्षबागेत तसं होत नाही. मांडवाखाली पानांआड प्रिझम (मोजायच्या जागी काठीवर धरलेली काच) दिसत नाही, म्हणून मशीन सारखं हलवायचं, लेव्हल करायचं, आधी मोजलेल्या मागच्या पॉइंटवर नेम धरून बॅकसाइट घ्यायची आणि मग पुढे सरकायचं. उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या डीजीपीएसलाही दाट झाडीखाली सिग्नल नीट मिळत नाही. सगळा वेळ तिथे जातो आणि पैसेही. बाग असेल तर एप्रिलची खरड छाटणी होऊन पानं गेली की लगेच बोलवा, काम निम्मं हलकं होतं.

दुसरा खर्च कंटूरचा, म्हणजे नकाशावरच्या सारख्या उंचीच्या रेषांचा. एक मीटरऐवजी अर्ध्या मीटरचे कंटूर मागितले की पॉइंट दाट घ्यावे लागतात. उतारावर बंगला बांधायचाय तर ते घ्याच. पण आधी आर्किटेक्टला विचारा.

कोटेशनमध्ये पॉइंटमधलं अंतर, पक्का बेंचमार्क (उंची मोजायचा कायमचा संदर्भबिंदू), झाडं-विहिरी-खांब, डीडब्ल्यूजी फाइल (ऑटोकॅडमधला नकाशा) आणि १८ टक्के जीएसटी यांचा उल्लेख हवा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणी वेगळी करावी लागते, तिची फीही वेगळी. टोपोच्या नकाशावर हद्द कायम होत नाही.