टे पुलाच्या अपघाताचं जुनं चित्र शेअर करताय? आधी या चुका टाळा

28 डिसेंबर 1879, रविवारची संध्याकाळ. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात कोसळला आणि डंडी शहराकडे निघालेली रेल्वेगाडी माणसांसकट नदीत गेली, कोणीच वाचलं नाही. डिसेंबर आला की त्याची तीच चार चित्रं फिरतात आणि खाली त्याच त्या चुका, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी पडतानाचं चित्र कोणीतरी बघून काढलंय असं समजणं. माझ्या ओळखीतल्या एकाने शाळेतल्या पोरांसाठी स्लाईड केली, पहिलं सापडलं ते चित्र उचललं आणि खाली ठोकून दिलं, "अपघाताच्या क्षणी काढलेले चित्र". एका पोराने विचारलं, सर, तो चित्रकार बोटीत बसला होता का? सर गप्प. अहो, सव्वासातच्या सुमाराची वेळ, डिसेंबरातला अंधार, तुफान वारा, कोण कागद घेऊन बसणार तिथे? दक्षिणेकडच्या सिग्नल केबिनमधून ठिणग्या आणि एक झगमगाट दिसला, बस्स. त्यानंतर सिग्नलची यंत्रंच बंद पडली. डंडीच्या बाजूने दोघं रेल्वेवाले पुलावरून रांगत पुढे गेले तेव्हा कुठे कळलं की पुढे पूलच नाही, आणि तुटलेल्या पाइपमधून पाणी उसळतंय. चित्रातले हवेत लोंबणारे डबे वर्तमानपत्राच्या ऑफिसात बसून रचलेले आहेत.

म्हणून माझी सवय अशी, चित्र दिसलं की आधी विचारायचं, हे बघायला कोण कुठे उभं होतं? पाणबुडे, उरलेले खांब, बोटींची धावपळ असली चित्रं नंतरची, दिवसाउजेडी जागेवर जाऊन किंवा फोटोवरून केलेली, त्यांच्यावर माझा जास्त भरवसा. गाडी पुलाच्या वरून धावताना पडतीये असं दाखवलं असेल तर सरळ सोडून द्या. जे 13 उंच गाळे (दोन खांबांमधले पुलाचे भाग) पडले तिथे रूळ गर्डरच्या, म्हणजे लोखंडी सांगाड्याच्या, आतून जायचे, वरून नाही.

"जुना फोटो" म्हणणं, ही दुसरी. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो जसाच्या तसा छापता येत नव्हता, लाकडी ठोकळ्यावर कोरून छापायचे. मोठ्या चित्राला छोटे ठोकळे बोल्टने जोडलेले असायचे, भिंगातून बघितलं तर कधी कधी सांध्याची बारीक पांढरी रेघ सापडते. पण भिंग घ्यायला वेळ कोणाला आहे, फॉरवर्ड करायला मात्र सगळे मोकळे.

रंगीत प्रिंट बघून हुरळू नका, बातमीची चित्रं काळी-पांढरीच छापत, रंग बहुतेक नंतर विकणाऱ्याने भरलेला असतो. पान उलटून मागे मजकूर आहे का ते बघा, असला तर ते छापील अंकातून कापलेलं पान असण्याची शक्यता जास्त.

चित्रावरून अपघाताचं कारण सांगू नका. गाडी रुळावरून घसरली वगैरे बचाव पुलाचे डिझायनर टॉमस बाउच यांच्याकडून झाला होता. चौकशीत ओतीव लोखंडाच्या खांबांचे जोड कमकुवत निघाले, वाऱ्याचा हिशोबच नीट धरलेला नव्हता, आणि ठपका बाउच यांच्यावर आला. चित्रात हे कुठून दिसणार?

मृतांचा आकडा 75 लिहाल तर तो जुना अंदाज आहे हे पण लिहा, नावानिशी खात्री झालेले 59 आहेत.

आणि "इंजिन अजून तळाशी आहे" हे तर बंदच करा. 224 नंबरचं ते इंजिन बाहेर काढलं, दुरुस्त केलं, पुढे कित्येक वर्षं चालवलं, रेल्वेवाले त्याला 'डायव्हर' म्हणजे पाणबुड्या म्हणायचे.