टू-स्ट्रोकचं जेटिंग प्लगवरून कसं तपासावं

"प्लग काढून बघ, चॉकलेटी दिसला की जेटिंग बरोबर." जेटिंग म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी भोकं, म्हणजे जेट, इंजिनाला जुळवणं. वरच्या सल्ल्यावर विसंबून मी एकदा पिस्टन घालवलाय. त्यामुळे आता कुणी तो दिला की मी उलट विचारतो: चॉकलेटी काय? टोक की बूड? प्लग नवा होता की सहा महिने जुना? थ्रॉटल किती उघडा असताना इंजिन बंद केलं? याची उत्तरं नसतील तर त्या रंगावरून काहीच कळत नाही.

कार्ब्युरेटर साफ आहे, फ्लोटची उंची बरोबर आहे, एअर फिल्टर धुतलेला आहे, ठिणगीचं टायमिंग तपासलेलं आहे, हे सगळं धरूनच चालतो. दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. पहिली, हवेची गळती. कार्ब्युरेटरमागचं रबर, सिलिंडरखालचं गास्केट किंवा क्रँकचं ऑइल सील यातून हवा ओढली जात असेल तर जेट बदलणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन पटकन खाली आलं पाहिजे. ते वरच रेंगाळत असेल तर आधी गळती शोधा. दुसरी, ऑइलचं प्रमाण. ऑइल जास्त टाकलं की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं असं बरेच जण समजतात. होतं उलटं. जेटमधून तेवढाच द्रव जातो, त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण लीन होतं. १:३० असो की १:४०, एक प्रमाण ठरवा आणि जेटिंग संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

सुरुवात मेन जेटपासून. थ्रॉटल पाऊणच्या पुढे गेला की सगळा कारभार त्याचा, आणि पिस्टन तिथेच पकडतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. बरोबर वाटतो त्यापेक्षा दोन-तीन नंबर मोठा जेट घाला. फुल थ्रॉटलला इंजिन जड, फटफट आवाज करत अडखळलं पाहिजे. तसं अडखळलं की समजा, खाली उतरायला जागा आहे. लहान जेटपासून वर चढत जाणारा माणूस सिलिंडर बोअर करून देणाऱ्याचं कायमचं गिऱ्हाईक होतो.

जुन्या प्लगवर इंजिन नीट गरम करा, मग कोरा प्लग लावा. गाडी वाहतूक नसलेल्या, मोकळ्या, सरळ रस्त्यावर न्या. थोडा चढ असला तर उत्तम, कारण इंजिनावर भार हवा. वरच्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल द्या आणि तसाच धरून ठेवा. दोन बोटं सतत क्लचवर. पिस्टन पकडला तर मागचं चाक जाम होतं आणि विचार करायला वेळ मिळत नाही.

आता थ्रॉटल पूर्ण उघडा असतानाच किल स्विच दाबा आणि त्याच क्षणी क्लच ओढा. थ्रॉटल त्यानंतर सोडायचा. हा क्रम मी कितीतरी दिवस चुकवत होतो. सवयीने आधी थ्रॉटल सुटायचा, मग हात स्विचकडे जायचा. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत आयडलची काजळी प्लगवर बसायची आणि मी तीच मेन जेटची म्हणून वाचायचो. क्लच ओढला नाही तरी घोटाळाच: चाक इंजिनाला फिरवत राहतं, न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल प्लगवर येतं. गाडी घरंगळत थांबवा आणि प्लग तिथेच काढा. परत इंजिन चालू करून घरी येणार असाल तर एवढा खटाटोप करूच नका. ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग काढताना मात्र घाई नको, आटे खराब होतात.

आता वाचन. मी पिस्टन गमावला तो इथेच.

मधल्या पांढऱ्या पोर्सिलेनचं टोक सगळ्यात तापलेलं असतं. साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यावरची काजळी जळून जाते. म्हणजे टोक स्वतःला साफ करत राहतं, आणि लोक नेमका तिथलाच रंग वाचतात! त्यातून कोऱ्या प्लगचं टोक, हल्लीच्या शिसंविरहित पेट्रोलवर, एवढ्याशा धावेत जवळजवळ पांढरंच राहतं. तो चॉकलेटी रंग पेट्रोलमध्ये शिसं असायच्या काळातला.

बघायचं ते बूड. पोर्सिलेन जिथे धातूच्या कवचात आत खोल बसतं, तिथली उष्णता कवचातून हेडमध्ये निघून जाते. ती जागा थंड राहते, म्हणून तिथली काजळी टिकते. तिथे पोर्सिलेनभोवती एक करडी कडी उमटते. वरून डोळ्यांनी ती दिसत नाही. बारीक टॉर्च आणि भिंग लागतं. पहिले काही प्लग तर सरळ बळी द्या: व्हाइसमध्ये धरून करवतीने कवच आट्यांच्या मुळाशी गोल कापा आणि पोर्सिलेन उघडं करा. कडी कशी दिसते ते एकदा पाहिलं की मग भिंगातूनही ओळखता येतं. एका धावेत ती पुसट असते; मी त्याच प्लगवर दोन-तीन धावा घेतो, प्रत्येक वेळी तसाच थांबतो.

कडी सलग आणि साधारण एक-दोन मिलिमीटर रुंद असेल तर जेट बरोबर. जाड, काळी आणि टोकाकडे चढत गेलेली असेल तर रिच. कडीच नसेल, बूड कोरं असेल, तर पुढची धाव घेऊ नका, मोठा जेट घाला.

माझं काय झालं? प्लग जुना होता, टोक छान बदामी. मी जेट एक नंबर उतरवला, टोक बदामी. आणखी उतरवला, बदामीच. तो रंग कित्येक महिन्यांचा साठलेला होता, त्या दुपारचा नव्हता. गाडीही मस्त पळत होती, कारण लीन इंजिन मरण्याआधी सुरेखच पळतं. मग लांब चढावर आवाज एकदम पातळ झाला, आणि मी क्लच ओढेपर्यंत मागचं चाक घासत गेलं. सिलिंडर उघडला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, आणि तिथलं ॲल्युमिनियम बोअरला चिकटलेलं.

पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकचकीत रुपेरी ठिपके दिसले तर डिटोनेशन, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं जळणं, चालू आहे. रुपेरी ठिपके म्हणजे तुमचा पिस्टन. त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा.

प्लगच्या टोकासमोरच्या वाकड्या पट्टीवर रंग बदलल्याची रेघ असते, ती टायमिंगची: वळणाजवळ असावी, मुळाकडे सरकली तर टायमिंग जास्त पुढे आहे. आट्यांवरून हीट रेंज कळते, म्हणजे प्लग उष्णता लवकर सोडतो (कोल्ड) की सावकाश (हॉट). पहिले एक-दोन आटे रंगलेले असणं ठीक. काळ्या प्लगवर इलाज म्हणून हॉट प्लग लावणं ही फसवणूक आहे, टोक पांढरं होतं आणि मिश्रण तसंच राहतं. शिवाय एनजीकेचा नंबर वाढला की प्लग कोल्ड होतो, बॉश आणि चॅम्पियनचा वाढला की हॉट. दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना हे बघा.

मेन जेट एकेक नंबर उतरवा, दर नंबरला कोरा प्लग. कडी बरोबर आली की थांबा. आणखी एक उतरवून बघू या, असं वाटतंच, बघू नका. मग मधल्या थ्रॉटलचं मिश्रण ठरवणाऱ्या सुईची क्लिप: खालच्या खाचेत रिच, वरच्या खाचेत लीन. आयडल सांभाळणारा पायलट जेट आणि एअर स्क्रू मी कानानेच लावतो, तिथे प्लग वाचत बसत नाही.

कापलेले प्लग फेकू नका. प्रत्येकावर जेटचा नंबर आणि त्या दिवशीचं तापमान चिकटवून डब्यात ठेवा. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं; उन्हाळ्यात काठावर आणलेला जेट थंडीत लीन पडतो. उंच डोंगराळ भागात हवा विरळ, तिथे तोच जेट रिच. मी थंडी सुरू झाली की न तपासता आधी एक नंबर मोठा जेट घालतो, मग कोरा प्लग घेऊन रस्त्यावर जातो.