फिशटँकमध्ये पाणी नळाचं भरावं की आरओचं?

बहुतेक घरांसाठी उत्तर नळाचं, क्लोरीन घालवून. आरओचं पाणी टाकी भरायला घेऊ नये, फार जड पाणी सौम्य करायला मिसळावं. नुसत्या आरओच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जवळपास उरतच नाहीत, आणि माशांना या तिन्हींची गरज असते.

त्यातलं बायकार्बोनेट सगळ्यात दुर्लक्षित. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं फिल्टरमधले जिवाणू नायट्रेट करतात आणि त्या कामात आम्ल तयार होतं. बायकार्बोनेट ते आम्ल जिरवतं, म्हणून पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा आकडा (कमी तितकं आम्लधर्मी), जागेवर राहतो. पाणी तपासायचं किट याच गुणाला केएच म्हणतं. केएच संपला की पीएच ७ वरून ६ च्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. तरी मासे लगेच मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो आणि अमोनियम फारसं विषारी नाही. मग मासे मलूल दिसतात म्हणून घाईघाईने अर्धी टाकी नळाच्या पाण्याने बदलली जाते. पीएच ७.५ च्या पुढे चढतो, साठलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दोष नव्या पाण्याला दिला जातो, पण बिघाड आधीच झालेला असतो. अशा टाकीत एका वेळी १० टक्केच पाणी बदलावं, रोज थोडं, आणि खाणं दोन-तीन दिवस बंद ठेवावं.

पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत तेवढंच सांगणाऱ्या टीडीएस मीटरवर निर्णय सोडू नये. ३०० हा आकडा मिठाचाही असू शकतो आणि कॅल्शियमचाही. जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) आणि केएच मोजणारं थेंबांचं किट घ्यावं. नळीत ५ मिली पाणी घेऊन एकेक थेंब टाकत हलवत राहायचं. केएचच्या नळीत बहुतेक किटमध्ये निळा रंग एकाच थेंबात पिवळा होतो. तोवर पडलेले थेंब म्हणजे तितके अंश. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा.

मुंबई-पुण्याला मिळणारं सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मुळातच मऊ असतं, त्यात आरओ मिसळायची गरज नाही. उलट तिथे केएच ३ च्या खाली तर नाही ना, हे बघावं. बोअरचं पाणी बहुधा जड: तूरडाळ शिजायला वेळ, साबणाला फेस नाही, काचेवर पांढरा थर. सोसायटीत टँकर येत असेल तर उगम बदलतो, तेव्हा प्रत्येक वेळी मोजणं आलंच.

मग मासे बघावेत. गप्पी, मोली, प्लॅटी आणि गोल्डफिश जड पाण्यात खूश असतात. जीएच १५ असला तरी त्यांना आरओ नको. मोली तर मऊ पाण्यात अंग आखडून जागच्या जागी थरथरते. निऑन टेट्रा, रॅम, डिस्कस यांना जीएच साधारण ६ बरा.

मिश्रणाचा हिशेब सोपा आहे. हवा तो जीएच भागिले नळाचा जीएच, तेवढा हिस्सा नळाचा. बोअरचा जीएच १८ असेल आणि ६ हवा असेल, तर एक तृतीयांश. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत वाळू-दगड सोडून साधारण ४५ लिटर पाणी असतं. आठवड्याला २० टक्के म्हणजे ९ लिटर: ३ लिटर बोअरचं, ६ लिटर आरओचं. याच प्रमाणात केएचही उतरतो, १२ चा ४ होतो. तो ३ च्या खाली जात असेल तर खायचा सोडा वापरावा. १ लिटर आरओच्या पाण्यात ३० ग्रॅम सोडा विरघळवून ठेवावा. या द्रावणाचे १० मिली १० लिटर पाण्याचा केएच एका अंशाने वाढवतात. जुन्या टाकीचं पाणी एका दिवसात बदलू नये, काही आठवडे घ्यावेत.

घरच्या आरओच्या तोटीचं पाणीही मोजावं. अनेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, त्यामुळे जीएच शून्य धरलेला हिशेब चुकतो. नुसत्या यूव्ही मशीनने क्षार अजिबात कमी होत नाहीत. बोअरवरच्या आरओचं बाहेर पडणारं वाया पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त जड असतं, ते टाकीत घालू नये.

महापालिकेच्या पाण्यासाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे आणावेत. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून १० लिटरला १ मिली टाकावं. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येत असेल तर २ मिली. बादली साबण न लागलेली, फक्त याच कामाची. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो, म्हणून एअरपंपाचा दगड सोडून ते २४ तास बुडबुडत ठेवावं आणि पीएच त्यानंतरच मोजावा. शेताजवळची बोअर असेल तर नायट्रेटही तपासावं.

एक जागा मात्र आरओचीच. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं, पण क्षार मागेच राहतात. ती घट बोअरच्या पाण्याने भरत गेलं तर जीएच दर आठवड्याला वर चढतो आणि काचेवर पाण्याच्या रेषेपाशी पांढरी किनार धरते. काचेवर पेनाने रेघ मारून ठेवावी आणि रेघेपर्यंतची घट साध्या आरओच्या पाण्याने भरावी. ही भर पाणी बदलण्यात मात्र धरू नये.