डायव्हरचं मनगट दुखतंय? या चुका टाळा

10 मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून उडी घेतलेला डायव्हर ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगानं पाण्यात शिरतो आणि पाण्याला आधी भिडतात ते त्याचे तळवे. पाणी उडू नये म्हणून हातावर हात पकडून तळवे सपाट धरायचे असतात, त्यामुळे मनगट आधीच मागे वळलेलं असतं. पाण्याचा दणका ते आणखी मागे रेटतो. हा दणका ताठ कोपरातून खांद्यात जायला हवा. तो मनगटातच अडकला, की दुखणं सुरू झालंच म्हणून समजा.

पकड उशिरा लागणं. पलटी उघडायला उशीर झाला, की हात जुळण्याआधीच पाणी येतं. अर्धवट पकड फुटते, सगळा भार एका हातावर येतो आणि सुटलेला अंगठा ओढला जाऊन मुळाशी दुखावतो. एका हाताच्या पाठीवर दुसरा तळवा, बोटं आवळलेली, अंगठा गुंतवलेला, कोपरं ताठ, दंड कानांना चिकटलेले, खांदे वर उचललेले: हे सगळं जमिनीवर, मग काठावरून, मग 1 मीटरवरून पक्कं होऊ द्या.

टेप बांगडीसारखी गुंडाळणं. याने मनगट आवळल्यासारखं वाटतं, पण मागे वळणं थांबत नाही. कोरड्या त्वचेवर 3.8 सेंटिमीटर रुंदीच्या न ताणणाऱ्या टेपचा एक पट्टा तळहाताभोवती आणि एक हाताच्या मधोमध, म्हणजे मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, लावा. मनगट मागे वळताना जिथे दुखायला लागतं त्याच्या जरा अलीकडे ठेवून तळहाताच्या बाजूनं दोन्ही पट्ट्यांना जोडणाऱ्या तीन पट्ट्या फुलीसारख्या ओढा आणि त्यांची टोकं वरून आणखी एकेक पट्टा लावून बंद करा. आता भिंतीवर तळवा दाबून पाहा: दुखण्याआधी टेप ताणली गेली पाहिजे. नख दाबून सोडल्यावर 2 सेकंदांत रंग परतला नाही, तर टेप घट्ट झाली आहे. आणि टेपमुळे तळवा सपाटच होत नसेल, तर त्या दिवशी उंचीवर जाऊ नका.

फक्त उड्या मोजणं. हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटं उभं राहणं, तेही मोजा. दर उडीनंतर तळवे टेकून काठावर चढता, तेही मनगटावरच येतं, म्हणून शिडी वापरा. हँडस्टँडसाठी बुटके बार घेतले, की मनगट सरळ राहतं.

दुखतंय म्हणून मागे ताणणं. मनगटाच्या पाठीमागे दुखत असेल, तर तिथला सांध्याचा पडदा हाडांत चिमटला जात असण्याची शक्यता असते. ताणलं, की तो आणखी चिमटतो. त्याऐवजी हात टेबलावर, तळवा वर, मनगट कडेबाहेर ठेवा आणि हलकं डंबेल मोजून 3 सेकंदांत खाली सोडा. 12 ते 15 वेळा, तीन सेट. तळहाताच्या बाजूचे हेच स्नायू दणक्याला अडवतात. हे करतानाही दुखलं, तर थांबा.

'मुरगळलंय' म्हणून सोडून देणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखलं, तर स्कॅफॉइड नावाचं मनगटातलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत हे अनेकदा दिसत नाही. हात स्थिर ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा आधीच एमआरआय करून घ्या. या हाडाला बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं, म्हणून दुर्लक्ष झालं, तर कोपराकडचा तुकडा अनेकदा जुळत नाही. करंगळीच्या बाजूला दुखून कटकट वाजत असेल, तर तिथली कूर्चेची गादी फाटलेली असू शकते. वाढत्या वयाच्या मुलांत मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर दुखलं, तर तळव्यांवर भार देणं लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुखापतीनंतर उड्यांकडे परतताना 1, 3, 5, 7.5, 10 मीटर असं चढा. 5 मीटरवरच्या दणक्यात 10 मीटरच्या साधारण निम्मीच ऊर्जा असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगट दुखलं, तर एक पायरी खाली उतरा.